सावकाश जेवणारा मासा

लोककथा गोळा करण्यासाठी मी आयुष्यभर सातारा-सांगलीच्या खेड्यांतून हिंडलो. लोककथा शोधावी लागते, सांगणाऱ्याची मर्जी राखावी लागते, नको असलेला चहा प्यावा लागतो. किस्स्यांचे तसे नसते. माशांच्या टाकीच्या काचेवर शेवाळ चढावे तसे ते आपोआप चढत जातात आणि एक दिवस आतले काही दिसेनासे होते. तेव्हा अधूनमधून ते खरवडून काढलेले बरे!

हे किस्से सांगलीच्या विश्रामबागेतल्या युनूसभाईंच्या शोभेच्या माशांच्या दुकानाभोवतीचे. रविवारी सकाळी तिथे आम्ही चौघे जमतो. मालक म्हणून युनूसभाई. साताऱ्याचे निवृत्त सुभेदार, जे मुलाला भेटायला म्हणून एसटीने सांगलीला येतात आणि दुकानातच बसतात. आटपाडीचे मेटकरी, त्यांचे वाडवडील मेंढरांमागे फिरले, हे डाळिंबे लावतात. आणि मी. मला तिथे सगळे ‘सर’ म्हणतात. नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

*

समोरच्या फ्लॅटमधले कुटुंब बदली होऊन गेले, तेव्हा माशांची टाकी माझ्याकडे ठेवून गेले. “काका, तुम्हाला सोबत होईल,” असे जाताना म्हणाले. टाकीत टायगर बार्ब होते; पट्टेरी, चपळ आणि कमालीचे खादाड. त्यांत मी युनूसभाईंकडून एक डिस्कस आणून सोडला. ताटलीसारखा गोल, निळसर, शांत मासा. दुकानात तो एकटाच उरला होता.

पहिल्याच जेवणाला बार्ब दाण्यांवर तुटून पडले. डिस्कस एका दाण्यापाशी आला, थांबला, जरा तिरका झाला. त्याने दाणा एका डोळ्याने पाहिला, मग वळून दुसऱ्या डोळ्याने पाहिला. तोंड उघडेपर्यंत दाणा बार्बच्या पोटात!

मी ही तक्रार दुकानात नेली. युनूसभाई खो खो हसले. “सर, तुमच्याच घरी जायचा होता तो! घास घ्यायच्या आधी प्रस्तावना लिवतोय!”

पुढे मात्र मासा काळवंडला, त्याचे कपाळ खंगले, तो लाकडाच्या ओंडक्यामागे तोंड करून उभा राहू लागला. मोबाईलवरचा फोटो पाहून युनूसभाई हसले नाहीत. “सर, खायला न्हाई लागला तर जाईल हो हा.”

*

सुभेदारांनी मोहीम हाती घेतली. त्यांच्या मते प्रश्न भुकेचा नव्हता, शिस्तीचा होता. “पलटणीच्या लंगरमधी जेवायला लाईन नसली की दांडगा खातो आन् गरीब बगत बसतो!”

ते माझ्या घरी आले. टाकीच्या डाव्या टोकाला स्टीलच्या चमच्याने टक्‌टक् करायची आणि तिथेच दाणे टाकायचे, म्हणजे बार्ब डावीकडे अडकतील आणि डिस्कसला उजवी बाजू मोकळी मिळेल, असा त्यांचा बेत होता. चमचा वाजला. बार्ब रांगेत नव्हे, पण डावीकडे आले. डिस्कस त्या आवाजाने असा दचकला, की ओंडक्याखाली शिरला तो दिवसभर बाहेर आलाच नाही.

सुभेदारांनी वाकून बराच वेळ निरीक्षण केले आणि निकाल दिला, “सर, ह्यो ड्युटीवर न्हाई. सिक रिपोर्टवर हाय!”

*

मग मेटकरींची पाळी. “आवं सर, अशक्त कोकरू कळपात चरत न्हाई. त्याला येगळं बांदायचं.” त्यांनी स्वतः मापाची काच आणून टाकीत मधोमध बसवली. एका बाजूला बार्ब, दुसऱ्या बाजूला डिस्कस, समोर भरपूर अन्न, हिसकावणारे कोणी नाही. तर्कदृष्ट्या यात दोष नव्हता.

डिस्कसने अन्नाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो मधल्या काचेला तोंड लावून, ज्यांनी त्याचे घास पळवले त्यांच्याकडेच पाहत राहिला.

मेटकरींनी काच काढून घेतली. “कोकरू येगळं बांदलं की वरडतंय, सर. ह्यो वरडत न्हाई, एवढाच फरक.”

*

मेटकरींची आणि माझी ओळख पंगतीतली. फार वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या जत्रेत मी जेवायला बसलो होतो. पंक्तीतल्या शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी उठायचे नाही, हा तिथला रिवाज. माझ्या शेजारी एक आजी धनगरी ओव्या सांगत होत्या आणि मी घास हातात धरून ऐकत होतो. सगळी पंगत वाळलेल्या हातांनी माझ्यासाठी खोळंबली!

अखेर मेटकरींचे वडील लांबून ओरडले, “सायेब, येक तर गाणं पुरं करा, न्हाईतर भात पुरा करा! मागची पंगत उभी हाय!”

या रिवाजाविषयी मी पुढे एका परिसंवादात शोधनिबंध वाचला. पंगत ही भुकेल्यांची सोय नसून सावकाश जेवणाऱ्याचे संरक्षण आहे, असे माझे प्रतिपादन होते. ते मला आजही ग्राह्य वाटते.

*

शेवटचा उपाय युनूसभाईंचा. एका हाताने डावीकडे बार्बना दाणे द्यायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने, सलाईनच्या नळीतून, उजवीकडे खाली डिस्कसपुढे लाल अळ्या सोडायच्या. टाकी लांब. मी दोन्ही हात पसरून तिच्यावर ओणवा उभा होतो, तेवढ्यात फोन वाजू लागला. हात सोडवेनात. फोन वाजून वाजून थांबला. वर पसरलेली माझी सावली पाहून डिस्कस पुन्हा ओंडक्यामागे!

त्या आठवड्यातला तो एकच फोन. नंतर पाहिले तर विमा कंपनीचा. मी उलट फोन केला. फोनवरची मुलगी चांगली होती. पण तिला घाई होती.

*

त्यानंतर एका रविवारी मी दुकानात गेलो नाही. मासा तळाशी कलला होता, सांगायचे काय? दुपारी तिघेही दारात हजर. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून जेवत होतो, तसाच खरकटा हात घेऊन दार उघडले.

मेटकरींनी ओट्यावरच्या ताटाकडे पाहिले. “सर, मेंढरांमागं हिंडताना बी आमचा म्हातारा बसून खायाचा. तुमी घरात उबं?”

कोणी माशाविषयी बोलेना. सुभेदारांनी टाकीपुढे वर्तमानपत्र अंथरले. मेटकरींनी भाकरी आणि ठेचा काढला, युनूसभाईंनी घरून आणलेला डाळ-मटणाचा दालचा. बसण्यापूर्वी युनूसभाईंनी बार्बना पोटे फुगेपर्यंत चारले आणि ओंडक्यापाशी थोड्या अळ्या सोडल्या. मग सगळे खाली बसले. माझी पाठ टाकीकडे होती.

साताऱ्याच्या जत्रांचा विषय निघाला. मी बोलत राहिलो. बऱ्याच वेळाने पाहिले, तर तिघांची ताटे स्वच्छ, हात वाळलेले; माझी भाकरी अर्धी शिल्लक.

“अहो, उठा तुम्ही. सुभेदार, तुमची एसटी!”

“दुसरी मिळंल की,” सुभेदार म्हणाले आणि मांडी बदलून बसले.

तेवढ्यात युनूसभाईंची नजर माझ्या खांद्यावरून मागे ओंडक्यापाशी गेली, तिथेच थांबली आणि ते गालात हसले. मी वळू लागलो, तशी मेटकरींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मागं बगू नगा, सर,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमी जेवा.”