खडखडाटात वाढलेली आक्का

शेडमध्ये यंत्रमाग चालू असले की हाक ऐकू येत नाही. म्हणून त्या दुपारी बायकोनं आत येऊन मेन स्विचच खाली ओढला. सगळे माग एकदम थांबले. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं... माझी थोरली बहीण, आमची आक्का, गेली होती.

महिना होत आला. अंगातला थकवा काही जात नाही.

आम्ही बेळगावातल्या वडगावच्या विणकराची पोरं. माग घरातच, त्याच्या शेजारीच जेवण, तिथंच अभ्यास. आमचे वडील, आप्पा, दिवसभर त्या खडखडाटात उभे असायचे. माग थांबला की कोपरा धरून बसायचे, आणि कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून यायचे. आक्कानं फार मार खाल्ला. दहावी होताच ती हॉस्टेलवर गेली, ती परत राहायला म्हणून आलीच नाही. पुढं शिकली आणि बेळगावातच संशोधनाला लागली. सततच्या ताणानं मेंदूचं आणि वागण्याचं काय होतं, हे ती उंदरांवर बघायची. आप्पा वारले तेव्हा आली, तिरडीपाशी उभी राहिली, संध्याकाळी निघून गेली. रडली नाही.

काही वर्षांनी तिचा फोन आला. "शिवा, आपल्या मागांचा आवाज मोबाइलवर घेऊन दे रं मला." कशाला, ते मी विचारलं नाही. नंतर तिनंच मला प्रयोगशाळेत नेलं. एका खोलीतले पांढरे उंदीर शांततेत वाढत होते. दुसऱ्या खोलीत रोज आमच्या घरचा आवाज लावलेला. दोन्हीकडचा एकेक उंदीर तिनं मोकळ्या पेटीत सोडून दाखवला. शांत खोलीतला पेटीभर हुंगत फिरला. आवाजातला भिंतीला चिकटून राहिला, मध्ये आलाच नाही. उचलायला हात घातला तर चावायला धावला.

"आक्का, हे तर आप्पा..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय रं." तिनं जाड हातमोजा चढवून त्याला पेटीतून उचललं. "उंदीर म्हंजे माणूस न्हवं. सगळं आवाजानंच झालं, असं मी म्हणणार न्हाय. पण यांच्या मेंदूत आठवणीच्या भागातल्या पेशी असत्यात, त्यांच्या फांद्या आखडत्यात. मग शांत ठेवलं, की बऱ्याच परत फुटत्यात... आप्पास्नी शांत कुणी ठेवलंच न्हाय."

मेंदू तपासायचा तर शेवटी ते उंदीर मारावेच लागत. त्या दिवशी ती जेवायची नाही. "दमले बघ," एवढंच म्हणायची.

त्याच वर्षी मी माग यळ्ळूर रस्त्यावरच्या शेडमध्ये हलवले. तिनं सांगितलं नव्हतं. पुढं ती आजारी पडली, दुखणं वाढलं तेव्हा मात्र ती आपणहून घरी आली. माग काढलेल्या मधल्या खोलीत तिची खाट टाकली. पहिल्याच सकाळी चहा घेऊन गेलो तर कान देऊन पडलेली.

"शिवा, शेजारच्या काकी गात्यात व्हय रं?"

"आधीपासनंच गात असतील. माग असताना आपल्याला कुठं ऐकू येत होतं?"

ती हसली. मग रोज सकाळी खिडकी उघडी ठेवायला सांगायची. काकी भांडी घासता घासता गायच्या आणि आक्का डोळे मिटून ऐकायची. पुष्कळदा तशीच झोपी जायची.

खाट अजून तिथंच आहे. शेडला जाण्याआधी मी त्या खाटेवर थोडा वेळ बसतो, खिडकी उघडतो. आमच्या घरी दुःख आहे म्हणून काकी हल्ली अगदी दबक्या आवाजात गातात. त्यांना सांगायला हवं, पहिल्यासारखं मोठ्यानं गा म्हणून... रोज ठरवतो. अजून उठून जाणं झालेलं नाही.