हनुवटीमास्तर

आमच्या आनंदनगरच्या कारखान्यात नवीन माणूस आला की मास्तर त्याचं नाव नंतर विचारत. आधी त्याला मूठ हनुवटीखाली धरून लोखंड पकडायच्या व्हाइसपाशी उभा करत. कोपर व्हाइसच्या माथ्याला टेकलं, तर कानस मारायला उंची बरोबर. "विचार करतोयस असा उभा राहा," ते सांगत. "केलाच पाहिजे असं नाही."

बुटक्याला पायाखाली पाट मिळे, खोक्याच्या फळ्यांचा, वर ऑइलपेंटने त्याचं नाव. मी स्टोअरचा कारकून, पण मलाही त्यांनी सोडलं नाही. रजिस्टरखाली उतरती फळी ठोकून म्हणाले, "साहेबांपुढे मान खाली घालतोसच, कागदापुढे तरी वर ठेव."

सुरक्षा सप्ताहात एक तज्ज्ञ आले. बुटक्या माईकपुढे कमरेत वाकून ते ताठ कण्यावर पाऊण तास बोलले. मास्तरांनी मध्येच उठून माईकचा दांडा वर केला आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्या तेव्हाच काय त्या मनापासून पडल्या.

कुणी खांदा चोळत "वय झालं" म्हणालं की मास्तर भडकत. "वय नाही रे, उंची चुकलीये!"

मग त्यांच्या डब्यातली भाकरी बंद झाली. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, खांदा धरला होता. इंजेक्शनांनी भागलं नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणत होते.

"काय करणार," मास्तर म्हणाले, "वय झालं तिचं."

रविवारी मी हेंद्रेपाड्यात त्यांच्या घरी गेलो. काकू ओट्याशी पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या, टाचा उचलून, खांदे कानांपर्यंत नेऊन.

"मास्तर," मी म्हणालो, "काकूंचं कोपर बघा."

"अख्ख्या आनंदनगरची कोपरं मोजली यांनी," काकू म्हणाल्या. "माझा ओटा बिल्डरने मोजला."

मास्तर टेप घेऊन उठले. "अगं, मूठ हनुवटीखाली धर बघू. विचार करतेयस अशी."

"पस्तीस वर्षांनी? आता काय करायचाय विचार!" म्हणाल्या; पण मूठ धरली.

"भाकरी थापायला ओटा कोपराच्या वीतभर खाली हवा," मास्तर पुटपुटले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

पाट आठवड्यात झाला. ऑपरेशन टळलं, तरी डब्यात भाकरी यायला चार महिने गेले. निवृत्त होईपर्यंत मास्तर नव्या माणसाला मूठ हनुवटीखाली धरायला लावत राहिले. आवाज मात्र जरा उतरला होता, आणि माप झाल्यावर एक प्रश्न वाढला होता: "घरचा ओटा कुणाच्या मापाचा आहे रे?"