पाठ फिरवायची रीत

१२ सप्टेंबर १९८७. शेजारच्या होल्गरच्या बागेत जायला आस्ताने पहिल्यांदाच पैसे मोजले. अठरा क्रोनर.

"आजी, पहिल्यांदाच येताय का?" तिकीट फाडणाऱ्या मुलीने विचारलं.

"फाटकातून पहिल्यांदा. एरवी कुंपणातून यायचे."

डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या त्या गावात जुना समज होता : मागून नेलेलं रोप धरत नाही, चोरून नेलेलं हमखास धरतं. म्हणून कोणी रोपासाठी आलं की घरची बाई पाठ फिरवून उभी राहायची आणि नेणारा आभार न मानता निघून जायचा. चित्रकार होल्गर ब्रिंक राहायला आला, तेव्हा त्याच्या अंगणात नुसती वाळू होती. आस्ताने कितीतरी वर्षं त्याच्याकडे अशी पाठ फिरवली. डेलिया गेले, गुलखैरा गेला, तिच्या आईच्या पांढऱ्या पिओनीचा तीन डोळ्यांचा गड्डाही गेला. "अगं, वळ आता! झाली माझी चोरी, कॉफी टाक," असं तो ओरडायचा. तीच फुलं त्याने रंगवली. चित्रं कोपनहेगनला गेली, होल्गरचं नाव झालं.

दोन वर्षांपूर्वी गटाराच्या पाइपासाठी आस्ताचा वाफा खणला आणि तिची पिओनी मेली. तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. आईचं झाड होल्गरकडे होतं. तिने गड्डा मागितला, तेव्हा तो म्हणाला, "चित्र अर्धं राहिलंय, पुढच्या वर्षी ने." पुढच्या वर्षीही तेच. मग एका संस्थेने त्याचं घर बागेसकट संग्रहालयासाठी घेतलं. राहायला तोच होता.

आज तो गवती टोपी घालून पाहुण्यांना सांगत होता, "ही पिओनी माझ्या आईच्या माहेरची."

पाहुणे आत जाईपर्यंत आस्ता थांबली.

"तुझी आई तिसऱ्या मजल्यावर राहायची, होल्गर. साधी कुंडी नव्हती तिच्याकडे."

"लोकांना गोष्ट लागते गं."

"मला गड्डा लागतो. पाठ फिरव."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि खरोखरच पाठ फिरवली. आस्ताला बरं वाटलं. गुडघे टेकून तिने पिशवीतली सुरी काढली, माती उकरली.

"आजी! अहो, काय करताय?" तिकिटं फाडणारी मुलगी धावत आली. "झाडं संस्थेची आहेत!"

"होल्गर, सांग की रे हिला."

त्याचा एक शब्द पुरला असता. टोपी हललीसुद्धा नाही. मुलीने सुरी हळूच काढून घेतली.

"फाटकाबाहेर गेल्यावर देऊन टाक त्यांची सुरी," होल्गर पाठमोराच म्हणाला आणि घरात गेला.

त्यांची! आस्ताने गुडघ्यावरची माती झटकली आणि रस्त्याने वळसा घालून ती घरी गेली.

तीन डोळ्यांचा एक गड्डा होल्गरकडून येणं बाकी आहे.