पाठीवरचा ठेका

ये, जवळ ये अशी. मोबाईल नुसता कपाळापुढं धरून बोलतेस, तुझं तोंड म्हणून दिसत नाही. जेवलीस का विचारलं की "हो हो" म्हणतेस, तेही खोटंच असतं. आणि मी बोलायला लागले की तुझी रेंज जाते. म्हणून लिहायला बसले. शाळेत मी गेले नाही, तुझ्या बापाच्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवली. तेव्हा वेलांटी चुकली तर हसू नकोस.

तू घानाला निघालीस तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "ढोल शिकाया एवढ्या लांब? आपल्या देवळात काय कमी बडवत्यात व्हय?" मी म्हटलं, तिकडच्या खेड्यात पोरं वाजवायला कशी शिकतात, त्यावर नात पीएचडी करतीय. त्यांना कळलं नाही. मला तरी कुठं फार कळलं होतं? तुझ्या आजोबांना मात्र कळलं. उभा जन्म भजनात पखवाज वाजवलेला माणूस. म्हणाले, "जाऊ दे तिला. तिकडचा हात बघून येईल, मग मला दाखवील."

ते दाखवायचं राहिलं.

त्या एकादशीला मी नेहमीसारखी कणीक मळून दिली. तुला ठाऊक आहे, तरी सांगते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ती थापली की आवाज जड होतो, आणि भजन संपलं की खरवडून काढायची, नाहीतर चामडं खराब होतं. त्यांनी कणीक लावली, दोन थापा मारून बघितल्या आणि तिथंच कलंडले. मग सुतक, पाहुणे, दहावं. कणीक कोणी काढली नाही. मला दिसत होती, पण हात उचलला नाही. वाळून तिला तडे गेले.

रडले नाही मी. लोक म्हणाले, म्हातारीला धक्का बसलाय. धक्का वगैरे नाही गं. चहा केला, भांडी घासली, गाईला पाणी दाखवलं. आत काही हललंच नाही. अजून नाही हलत. बसून बसून पाय बधिर होतो ना, तसं.

तेराव्याला तू आलीस. परत जायच्या आदल्या दिवशी माझ्या डोक्याला तेल लावून दिलंस आणि मागं बसून पाठीवर बोटं वाजवायला लागलीस.

"हे काय गं?"

"आजी, तिकडं एक म्हातारे वादक मला असंच शिकवतात. शिकणाऱ्याच्या पाठीवर ठेका वाजवतात, म्हणजे तो अंगात बसतो. आता आजोबांचा वाजवते."

बोटं लागत होती, बाकी काही वाटत नव्हतं. आणि मध्येच तोंडून गेलं, "चुकलं. इथं ते थांबायचे."

"कुठं?"

"त्या मोठ्या थापेच्या आधी. अगदी जरासं."

"तुला कसं ठाऊक?"

कसं सांगू. लग्न झाल्यापासून ते झोपताना माझ्या पाठीवर ठेका धरायचे. मी वैतागायचे, "अहो, देवळात वाजवून भागलं न्हाई का?" तर म्हणायचे, "तू झोप की. पखवाज जागा असावा लागत न्हाई." हे सांगितलं तेव्हा तू हसलीस, मग डोळे पुसलेस. मी तुझ्याकडं बघत राहिले. तू पुन्हा वाजवलंस, पुन्हा चुकलं. तेवढ्यात तुझा बाप बॅग भरायला ओरडला आणि ठेका अर्धाच राहिला.

काल तुझा बाप घोडेगावच्या बाजारातून आला, सोबत भजनी मंडळाचे बुवा.

"आई, पखवाज पडून सडतोय. देवळात देऊ."

"वाजता तरी राहील, वहिनी," बुवा म्हणाले.

दोघंही वावगं बोलत नव्हते. मी म्हटलं, "न्या. पण पोरगी येऊन जाऊ द्या."

"तिचं काय त्यात?"

"ठेका अर्धा राहिलाय तिचा."

ते गेल्यावर कणकेवर ओला फडका ठेवला. मऊ झाली तशी नखानं काढली. चामडं फाटलं नव्हतं. तेव्हाही काही वाटलं नाही. हात धुतले.

पण एक सांगते. ती थांबायची जागा हल्ली मला पटकन सापडत नाही. आधी पाठीला आपोआप यायची, आता आठवावी लागते. पखवाज गेला तर जाऊ दे, तो कुठंही वाजेल. ही जागा मात्र माझ्याशिवाय कोणाजवळ नाही. तिकडचं काम उरकलं की आधी इकडं ये. लवकर ये. मी तेल कोमट करून ठेवते, तू मागं बस.