दाजींचा काल्झोन

गेले महायुद्ध इटलीत नेमके कशासाठी लढले गेले, हे मोठमोठ्या माणसांना अजून नीट सांगता येत नाही. आमच्या दाजींना मात्र ते पक्के ठाऊक आहे. काल्झोनची कृती सातारा जिल्ह्यात पोचावी म्हणून! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चार वर्षे पलटणीत काढून ते औंधजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा इतरांच्या ट्रंकांतून बिल्ले आणि ब्लँकेटे निघाली. दाजींनी आणले ते सगळे डोक्यात होते. इटलीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी पलटणीचा मुक्काम पडला होता. तिथे त्यांनी काल्झोन, म्हणजे आत चीज भरून करंजीसारखा मिटवून भाजलेला पिझ्झा, खाल्ला, आणि त्याहून मोठे नवल पाहिले. ज्या बाईने तो केला, तीही सगळ्यांबरोबर बसून गरम गरम जेवत होती. आक्कालाही असाच समोर बसवून खाऊ घालायचा, असा पण दाजींनी तिथेच केला. आक्का बापडी लग्न झाल्यापासून सगळ्यांच्या मागून, गार झालेलेच जेवत आलेली.

मी सांगलीहून गेलो, की मला आधी व्याख्यान ऐकावे लागे. "पाव्हणं, पिझ्झा म्हंजी उगडंबोडकं काम. निम्मं टंबाटं मिशीला! ह्यो कसा, मिटवला की खिशात घालून दहा मैल चाला." गावाने त्याला 'लष्करी कानवला' असे नाव देऊन टाकले होते. दाजींना ते मुळीच आवडत नसे. पहिला काल्झोन त्यांनी गुऱ्हाळाच्या चुलवणात भाजला. तो बाहेर काढला, तेव्हा गुळव्याने तो पायताणाचा तळ समजून अदबीने बाजूला ठेवला. मग दाजींनी तव्यावर परात उपडी घालून वर निखारे रचायची युक्ती काढली. कणीक आदल्या दिवशी आंबवून ठेवायची आणि मळताना तिला "सावधान!" म्हणायचे, हाही रिवाज पडला. एकदा ते सारणात घालायच्या वासाच्या पाल्याच्या शोधात अंगणातल्या तुळशीपाशी घुटमळले. आक्का आतूनच कडाडली, "तिच्याकडं बगायचं बी न्हाई!"

पण खरे घोडे अडले ते चीजपाशी. त्यासाठी दूध फाडावे लागणार होते. "भरल्या घरात हातानं दूध नासवायचं? मी हाय तवर न्हाई," आक्काने बजावले. जर्मनांच्या तोफांपुढे न हटलेले दाजी हे ऐकून परसात जाऊन बसले. पंधरा दिवस घरात काल्झोनचे नाव निघाले नाही. दाजी एरवी मिशीला पीळ देत फिरायचे. त्या पंधरवड्यात मिशाही खाली आल्या.

मग एका सकाळी म्हैस व्याली. मी तिथेच होतो. आक्का चिकाची चरवी घेऊन परसात गेली आणि म्हणाली, "आवं, गूळ न घालता उकडला तर ह्यो बी घट्ट हुतुया. चालंल का तुमच्या त्या गोऱ्या कानवल्यात? कणीक कालच आंबवून ठिवलीया म्या."

पुढचा तास म्हणजे निव्वळ धुमाकूळ. "पाव्हणं, निखारं! आगे बढ!" असे हुकूम सुटत होते, आक्काच्या सासूबाई दारात पदराने तोंड झाकून हसत होत्या, आणि दाजींच्या राकट बोटांनी घातलेली मुरड पुन्हा पुन्हा उकलत होती. शेवटी आक्काने "सरा तिकडं" म्हणत ती आपल्या हाताने घातली.

परात उचलली, तेव्हा खरपूस वास पार गोठ्यापर्यंत गेला. दाजींनी दोन पाट समोरासमोर मांडले. आक्काने सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "बस गं. चार वरसं वाट बगितलीस, आता कुनाची बगतीस?"

आक्का अंग चोरून बसली. तिने वाफाळता तुकडा मोडून खाल्ला.

"कसा झालाय?" दाजींनी विचारले.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. मग दुसरा तुकडा मोडत, खाली बघतच म्हणाली, "तुमी तिकडं हुता तवा रोज तुमच्या नावचा घास काडून ठिवत हुते मी. आन् मंग जेवत हुते."

दाजींनी आपल्या पानातला मोठा तुकडा उचलून तिच्या पानात ठेवला. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आलो आणि बराच वेळ बाहेरच राहिलो.