इब्राहिमभाई आणि शिडाचा सरडा

पहिल्या भेटीत इब्राहिमभाईंच्या हाताची दोन बोटं फाटली होती आणि ते माझ्याकडे मलम मागत होते सरड्याच्या नाकासाठी. सौदीतल्या रास तनुराजवळच्या दवाखान्यात मी टाके घालत होतो. "माझं राहू द्या हो डॉक्टर, त्याचं नाक सोललंय," हे त्यांचं चालूच.

श्रीवर्धनकडचे इब्राहिमभाई एका कफिलाच्या, म्हणजे व्हिसा काढून देणाऱ्या अरब मालकाच्या, मळ्यावर कामाला होते. कफिलाने हौसेने फिलिपिन्सहून एक दुर्मीळ सरडा आणवला होता. दोन हात लांब, शेपटीवर शीड उभारल्यासारखा पंखा, निम्मं आयुष्य पाण्यात. हौस महिन्याभरात फिटली आणि सरडा इब्राहिमभाईंच्या गळ्यात पडला. घाबरला की तो धावत सुटे आणि टाकीच्या काचेवर नाक आपटे. इब्राहिमभाईंनी आठवडाभर नुसतं बसून त्याला पाहिलं आणि काचेला खालून वीतभर जाड कागद चिकटवला.

"त्याला काच कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणजे जाता येतं, असं वाटतं बिचाऱ्याला."

नाक भरून आलं.

मग आखाती युद्ध सुरू झालं. कफील कुटुंबाला घेऊन जेद्दाला निघाला. जाताना त्याने स्वतःकडे ठेवलेला इब्राहिमभाईंचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "यल्ला, घरी जा." गावी आई अंथरुणाला खिळली होती. मी खटपट करून विमानात जागा मिळवली, पण ते गेले नाहीत. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की सरडा सैरभैर व्हायचा. ते टाकीवर घोंगडी टाकायचे, त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचे. थंडीचे दिवस, म्हणून पाणी रोज कोमट करून भरायचे.

"जनावरासाठी आईला सोडता?" मी चिडून विचारलं.

"तिच्याजवळ माझ्या दोन बहिणी आहेत, डॉक्टर. ह्याला कोण आहे?"

लढाई थांबल्यावर बहिणीचं पत्र आलं, कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं. इब्राहिमभाई उर्दू वाचत, मराठी नाही, म्हणून ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. आई गेली होती. पुढे लिहिलं होतं, "शेवटपर्यंत ती तुझं नाव घेत होती. इब्राहिम निघालाय, पोचेलच, असं आम्ही तिला सांगत राहिलो."

ते वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग पत्राची घडी करून खिशात ठेवली.

"म्हणजे मी येतोय हे तिला खरं वाटलं असणार," ते म्हणाले, आणि माझ्या टेबलावर डोकं टेकून रडू लागले.