बाबांच्या नावावरचा खोकला

आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरात आजारी पडायचे दोन प्रकार होते. बाबा कारखान्यात पर्मनंट, म्हणून ते ‘सिक’ होत. सिक झालेल्या माणसाला पगार, औषध, शिवाय शेजाऱ्यांची विचारपूस मिळे. काका ठेकेदाराकडे गवंडीकाम करायचा. कारखान्याची भट्टी बांधून झाली, ठेकेदाराने माणसं कमी केली, आणि काका नुसताच आजारी पडला.

आधी झोप गेली, मग भूक, मग खोकला सुरू झाला. “रिकाम्या माणसाले रोग लवकर हुडकते,” आई म्हणायची.

शेजारच्या दुर्ग शहरातल्या सरकारी दवाखान्यात औषध फुकट होतं. पण तिथल्या रांगेत सकाळ जाई, आणि कारखान्याच्या गेटवर ठेकेदारांची मजूरभरती सकाळीच होई. खोकणाऱ्याला मुकादम उभंही करत नसे. काकाला बरं होण्याची घाई नव्हती, सकाळपुरता खोकला थांबला तरी पुरे होतं.

कारखान्याच्या दवाखान्यात कामगाराची बायको, मुलं, आईवडील चालत. भाऊ चालत नसे, मग त्याने भट्टीच्या विटा लावलेल्या का असेनात. या नियमाचा मला आजही राग येतो.

तेव्हा बाबांनी अक्कल लढवली. काकाचा खोकला त्यांनी आपल्या अंगावर घेतला. काका खोकून दाखवी, बाबा तसंच खोकत, आणि आई परीक्षा घेई. “तुमचा वरून येऊन राहिला. जरा पोटातून काढा ना!” आम्ही बहिणी हसून बेजार. दवाखान्यातून बाबा बाटली आणत, काका ती पिई. खोकला दबला, काकाला अधूनमधून काम मिळू लागलं. बाबांची कॉलर ताठ झाली.

बाटल्या वाढल्या तशी डॉक्टरांना काळजी वाटू लागली. त्यांनी बाबांच्या छातीचा फोटो काढायला लावला. तो स्वच्छ निघाला.

“फिट देलं मले,” बाबा घरी येऊन खाली मान घालून म्हणाले. औषध बंद झालं होतं.

“दादा, तुहा फोटो चांगला निघाला, हे तं बरंच झालं,” काका म्हणाला.

पुढे त्याच्या थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा कुठे त्याला दुर्गला नेलं. त्याच्या छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं गेलेली होती. तिथल्या डॉक्टरने बाबांना विचारलं, “इतने दिन क्या करते रहे?”

बाबा म्हणाले, “साहब, दवा तो चालू थी.”